हिमालयातला हिवाळा आणि आपला मृग

वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभर तापलेल्या भिंती अजून धग टाकीत असताना, महागावच्या श्रोत्यांपुढे बर्फावर बोलायला उभे राहणे हा थोडा विनोदाचाच प्रकार आहे, हे आम्ही जाणून आहोत. विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हाच एका वयोवृद्ध श्रोत्याने आम्हांला गाठून विचारले, "बरफाचं आमाले काय करा लागते, गुरुजी? पानी कवा येते थे सांगा." प्रश्न रास्त होता. आजच्या विषयाचा गाभाच त्यात आहे म्हणा ना. कारण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांच्या गळ्यात 'पाणी केव्हा येते' हे सांगण्याचे काम पडले, त्यांनी उत्तर शोधायला पहिल्याप्रथम पाहिले ते हिमालयातल्या बर्फाकडेच. त्या शोधाची हकीकत आम्हांला सांगावयाची आहे.

पण पावसाकडे वळण्यापूर्वी हिवाळ्यापुरते थोडे बोलू. आपल्या बाजूचे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडचे फाटे. बर्फ पडावे इतकी त्यांची उंची नाही. विदर्भातले थंड हवेचे ठिकाण चिखलदरा, तेही साडेतीन हजार फुटांच्या थोडे वर. महाबळेश्वरला कडक थंडीत वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत 'महाबळेश्वरला बर्फ' असा मथळा येतो. वस्तुतः ते गोठलेले दव असते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, म्हणून दव पडल्या जागी गोठते. आकाशातून पडणारे हिम ते नव्हे.

तरीसुद्धा आपल्या अंगणातली कडाक्याची थंडी ही पुष्कळदा हिमालयाकडूनच आलेली असते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने कमी दाबाची वाऱ्याची वेटोळी इराण-अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकत येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ती येऊन हिमालयावर आदळली म्हणजे काश्मीर, हिमाचल, गढवाल येथे हिम पडते आणि खाली पंजाबच्या गव्हाला पाऊस मिळतो. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणजे मोठी थंडी असे नाव आहे. तिकडच्या लोकांचे वर्षाचे पाणी बहुतांशी या काळातल्या बर्फात साठते. विक्षोभ पुढे निघून गेला की आकाश मोकळे होते आणि त्याच्या मागून कोरडा, बोचरा उत्तरेचा वारा मैदानांतून वाहत मध्य भारतात उतरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. सपाट प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा त्याखाली आला आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून खाली उतरला, म्हणजे शास्त्राच्या हिशेबात थंडीची लाट आली. आपल्या हिशेबात मात्र तुरीचा फुलोरा गळाला की लाट आली. धुवारी आणि थंडी ही जोडी तुरीला काय करते हे येथे कोणाला सांगायला नको. आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यावर जी गारपीट झाली, हाताशी आलेला गहू-हरभरा आडवा झाला, तिच्यामागेही उत्तरेकडच्या या थंड हवेची आणि समुद्रावरून आलेल्या बाष्पाची गाठ पडणे हेच कारण होते.

इतके हिवाळ्याचे झाले. पण हिमालयातला हिवाळा आपल्या मृगापर्यंत पोचतो, असे कोणाच्या मनात पहिल्याने का यावे?

ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पर्जन्याच्या गर्भाची चर्चा केली आहे. मार्गशीर्षात ढगांना गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी त्याचा प्रसव होतो, असे त्याचे गणित. डिसेंबरच्या मध्यापासून १९५ दिवस मोजले तर आपण जूनच्या अखेरीस येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मार्गशीर्षात थंडी फार नसावी, पौषात हिमाचा अतिरेक नसावा, हीसुद्धा चांगल्या गर्भाची लक्षणे म्हणून तो देतो. यावरून आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा दावा करण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आम्हांला होत नाही. एवढेच म्हणू की आकाशाकडे वर्षभर डोळे लावून बसलेल्या माणसाला पावसाचे मूळ हिवाळ्यात असावे असा संशय फार पूर्वी आला होता. आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला, अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, भोवती धान्ये, आणि पहाटे त्यांच्या स्थितीवरून वर्षाचे भाकीत. ते ऐकायला दुरून शेतकरी येतात. शास्त्राच्या कसोटीला ती मांडणी उतरत नाही हे खरे. पण रात्र जागून भाकीत ऐकायला येणाऱ्या माणसाची गरज खोटी नाही.

आता इतिहासाकडे. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले, १८६६ साली ओरिसात दुष्काळाने माणसे किड्यामुंगीसारखी मेली, आणि हवेची नोंद ठेवणारे एक मध्यवर्ती खाते असावे असे सरकारला वाटू लागले. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड नावाचा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ त्याचा पहिला मुख्य झाला. जाता जाता सांगावेसे वाटते की, ज्या वसंत व्याख्यानमालेचे अनुकरण महाराष्ट्रभर झाले आणि जिच्यामुळे आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत, तीही न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ सालीच सुरू केली. योगायोगच तो.

खाते स्थापन होऊन एक वर्ष होते न होते तोच १८७६ चा पाऊस दख्खनला चुकला, १८७७ सालीही अवर्षण झाले, आणि १८७८ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली ती याच दुष्काळात. पुढे सरकारने ब्लॅनफर्डला विचारले, अशी आपत्ती आधी कळेल काय? म्हणजे आमच्या वयोवृद्ध श्रोत्याचाच प्रश्न.

ब्लॅनफर्डने जुने कागद चाळले, तेव्हा त्याला दिसले की हिमालयाच्या पश्चिम भागात ज्या वर्षी हिवाळ्याअखेर आणि वसंतात बर्फ फार पडले, त्या वर्षी पुढचा पावसाळा पुष्कळदा हलका गेला. बर्फाळ डोंगरांवरून निघणारे कोरडे वायव्येचे वारे दूरवर पसरतात आणि मोसमी वाऱ्यांना अडवतात, असा त्याचा तर्क होता. आजची कारणमीमांसा थोडी निराळी आहे. पांढरे बर्फ सूर्याचे ऊन परत फेकते. उरलेल्या उन्हाची ऊब ते वितळवण्यात खर्च होते. वितळल्यावर माती ओली राहते आणि ती सुकवण्यातही ऊब जाते. चुलीत ओले लाकूड घातले तर आधी ते सुकते, धूर करते, मग पेट घेते, तसेच हे. तिबेटचे पठार आणि आसपासची जमीन उशिरा तापली की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी पडतो, आणि त्या फरकावरच मोसमी वाऱ्यांची ओढ अवलंबून असते.

१८८२ ते १८८५ या चार वर्षांत ब्लॅनफर्डने प्रयोगादाखल अंदाज केले, ते बऱ्यापैकी उतरले. १८८४ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हिमालयातले बर्फ आणि हिंदुस्थानातले अवर्षण यांच्या संबंधावर निबंध मांडला. आणि ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्यासाठी पावसाळ्याचा पहिला नियमित दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला. जगात असा उद्योग याआधी कोणी रीतसर केलेला नव्हता.

या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा, की त्या काळी बर्फ मोजले कसे असेल? उपग्रह नाही, विमान नाही. हिमालयातल्या बहुतेक खिंडी हिवाळ्यात बंद. पहाडी जिल्ह्यांतले अधिकारी आणि मोजकी ठाणी यांनी कळवायचे, की अमुक डोंगरावर बर्फ नेहमीपेक्षा जास्त दिसते, अमुक खिंड अजून उघडली नाही. 'जास्त' म्हणजे किती, हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्या मनावर. आणि अशा कागदांवरून कोट्यवधी लोकांच्या पावसाविषयी बोलायचे! ब्लॅनफर्डच्या धाडसाचे कौतुक वाटते आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो.

१८८९ साली जॉन एलियट त्याच्या जागी आला. त्याने ऑक्टोबर ते मे या काळातले हिमालयाचे बर्फ, उन्हाळ्यातली स्थानिक हवा आणि हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडची स्थिती अशी तिन्ही अंगे विचारात घ्यायला सुरुवात केली. पद्धत सुधारली असे वाटत होते. मग १८९९ साल उगवले. अंदाज चांगल्या पावसाचा होता. पडले ते असे, की देशभरचा पाऊस सरासरीपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी भरला. राजस्थान-गुजरातेत ज्याला 'छप्पनिया' म्हणतात तो हाच दुष्काळ. वऱ्हाडालाही त्याने सोडले नाही. त्या वेळी आपला पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेरबदलात तो यवतमाळला जोडला गेला. कापसाचा मुलूख म्हणून सुखवस्तू समजल्या जाणाऱ्या या भागात लोक सरकारी कामांवर खडी फोडायला गेले.

अंदाज चुकला हा काही गुन्हा नव्हे. त्या साधनांनी तो बरोबर येणे हेच नवल झाले असते. आम्हांला बोचते ते पुढचे. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, तेव्हा खात्याने अंदाज करणे थांबवले नाही, ते लोकांना सांगणे थांबवले. काही वर्षे पावसाचा अंदाज गुप्त ठेवून फक्त सरकारी अधिकाऱ्यांना कळवला जात असे. म्हणजे ज्याच्या बियाण्याचा, बैलांचा आणि कर्जाचा प्रश्न, त्यालाच ते कळू द्यायचे नाही. पुष्कळ लोक म्हणतात, चुकीचा अंदाज ऐकून शेतकरी फसण्यापेक्षा न ऐकलेला बरा. आम्हांला हे मान्य नाही. अंदाज किती वेळा चुकला, कशाने चुकला, हे सोबत सांगितले तर शेतकरी त्याचा उपयोग किती करायचा ते बरोबर ठरवतो. बाजारभावाच्या अफवांवर तो वर्षानुवर्षे हाच हिशेब करीत आला आहे. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याने भोगले आहे, त्याच्यापासून चूक झाकून ठेवण्यात दयेपेक्षा खात्याच्या अब्रूची काळजी अधिक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आला. हा केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्राचा विद्यार्थी नव्हेच. बूमरँग फेकण्याचा त्याला एवढा नाद की तरुणपणी मित्र त्याला त्याच नावाने हाक मारीत. त्याने ठरवले की तर्क नको, आकडे बोलू देत. जगभरच्या नोंदी घेऊन कशाचा कशाशी किती संबंध आहे हे तो गणिताने काढू लागला. त्याच्या सुरुवातीच्या सूत्रात चार गोष्टी होत्या. हिमालयात मेअखेर साठलेले बर्फ, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशसचा दाब आणि झांजिबारचा पाऊस. महागावच्या मृगाचे धागे झांजिबारला आणि दक्षिण अमेरिकेला बांधलेले आहेत, ही कल्पना पहिल्याने ऐकणाऱ्याला केवढी विलक्षण वाटली असेल! याच शोधातून त्याला प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यामधला दाबाचा झोका सापडला. आज एल निन्योच्या चर्चेत तो पायाभूत मानला जातो. बर्फ मात्र हळूहळू अनेक कारणांपैकी एक होऊन बसले.

वॉकरच्या काळात खात्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याहून शिमल्याला गेले होते. १९२८ साली ते पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या भव्य दगडी इमारतीला लोक 'शिमला ऑफिस' म्हणू लागले, आणि चौकालाही तेच नाव पडले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले. पण नाव राहिले. पुण्यात आयुष्य काढलेल्या कित्येकांना या चौकाचा शिमल्याशी काय संबंध हे ठाऊक नसते. आपल्या मुलांपैकी शिकायला तिकडे गेलेल्यांनी पुढच्या खेपेस त्या पाटीकडे नीट पाहावे.

पुण्याच्या या ठाण्यात १९३२ साली शेतीच्या हवामानाची शाखा निघाली आणि एल. ए. रामदास यांनी ती नावारूपाला आणली. त्यांचा एक शोध आपल्या तुरीशी थेट भिडतो. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड जागा जमिनीला लागून असते असे सारे धरून चालले होते. रामदासांनी मोजून दाखवले की ती जमिनीच्या किंचित वर, वितीच्या आसपासच्या उंचीवर असू शकते. जगभरच्या शास्त्रज्ञांचा यावर प्रथम विश्वास बसेना. आज त्या थराला त्यांचेच नाव आहे. कडाक्याच्या रात्री धुऱ्यावर ओला काडीकचरा पेटवून धूर करावा, शक्य तर संध्याकाळी पाणी द्यावे, हा सल्ला याच विद्येतला. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त सांगितले जाऊ लागले, आणि एलियटच्या काळातली गुप्तता खऱ्या अर्थाने मोडली.

बर्फाचा प्रश्न मात्र संपलेला नव्हता. उपग्रहांची छायाचित्रे मिळू लागल्यावर १९७६ साली हान आणि जगदीश शुक्ल यांनी युरोप-आशियावरचे हिवाळी बर्फ आणि आपला पाऊस यांचा उलटा संबंध पुन्हा दाखवला. शुक्ल हे बलिया जिल्ह्यातल्या खेड्यातले, काही काळ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत काम केलेले. पहाडी अधिकाऱ्यांच्या पत्रांवरून ब्लॅनफर्डने जे म्हटले होते, ते नव्वद वर्षांनी आकाशातून पाहून निदान काही अंशी खरे ठरले. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे सूत्र बसवले. त्यात हिमालयाचे बर्फही होते, युरेशियाचेही. मराठी माणसाच्या हाताने झालेले हे काम, आणि पुष्कळ वर्षे ते चांगले चालले. मग २००२ आले. अंदाज १०१ टक्क्यांचा होता, पाऊस झाला ८१ टक्के. नुसत्या जुलैत तर सरासरीच्या निम्माच. उलट १९९७ साली एल निन्यो जबर असूनही पाऊस सरासरी गाठून गेला होता. धागे खरे असतात, पण ते कधी ताठ, कधी सैल होतात. हे सूत्रात बसवणे कठीण. या वेळी मात्र चूक झाकली गेली नाही. सोळा घटक सोडून २००३ साली नवी सूत्रे आली, २००७ साली पुन्हा बदलली, आणि २०२१ पासून अनेक देशांच्या संगणकी प्रारूपांची सरासरी घेतली जाते.

आपण बर्फाची चौकशी करतो ती आपल्या पावसासाठी. त्या बर्फात राहणाऱ्याला पुढच्या पावसाळ्याची नव्हे, उद्या सकाळची काळजी असते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यांत एक साताऱ्याकडचा होता. कड्यावर किती थर साचले, त्यांतला कोणता कच्चा आहे, ऊन कधी चढेल, हे ओळखण्यासाठी १९६९ साली मनालीला हिम व हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था निघाली होती. २०२० पासून ती नव्या नावाने संरक्षण संशोधन खात्यात काम करते. २०२१ साली शिमल्याजवळ कुफ्रीला आणि कुमाऊंत मुक्तेश्वरला रडार बसले. डोंगराची पाठ रडारलाही दिसत नाही. दर खोऱ्याची हवा निराळी. सपाटीवरचा अंदाज करणाऱ्याने पहाडातल्या अंदाज करणाऱ्याला नमस्कारच करावा.

हवामान खात्याचे पावसाळ्याविषयीचे पहिले निवेदन एप्रिलात येते. वर्तमानपत्रांत त्यातला टक्क्यांचा आकडा तेवढा छापला जातो. मूळ निवेदन मिळवून पाहिले तर प्रशांत महासागर, हिंदी महासागर यांच्या मागून बर्फाचाही उल्लेख सापडतो. २०२४ च्या निवेदनात जानेवारी ते मार्च बर्फाचे आच्छादन नेहमीपेक्षा कमी असल्याचे लिहिले होते. अंदाज १०६ टक्क्यांचा होता, आणि पाऊस १०८ टक्के झाला. एका वर्षाच्या दाखल्याने ब्लॅनफर्ड खरा ठरत नाही. आणि देशाचे १०८ टक्के महागावच्या वावरात किती पडतात, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

व्याख्यान संपल्यावर ते वयोवृद्ध श्रोते पुन्हा भेटले. आम्ही त्यांना सांगितले की मृगाचा पहिला शिडकावा पाहून तिफण काढू नका; ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोल ओली झाली म्हणजे पेरा, असे कृषी विद्यापीठेही सांगतात. आता मंडळामंडळाला पाऊस मोजण्याची यंत्रे बसली आहेत, तो आकडा मिळतो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "थो आकडा आमाले कोन सांगते?" आम्ही तलाठी कचेरीचे नाव घेतले. ते हसले, आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यावर '१०० मि.मी.' असे लिहून घेतले.